डाव्या भोवऱ्याची घोडी

नाद करावा तर स्वस्तातला, असं हेमराज पाटलाचं फार जुनं मत. पत्ते त्याने महाग म्हणून सोडले, राजकारण महाग म्हणून धरलंच नाही, आणि भजनी मंडळातून तो बाहेर पडला तो फराळाची पाळी आपल्यावर येते म्हणून. अशा माणसाला फोटोग्राफी हा स्वस्तातला नाद आहे असं नेमकं कुणी सांगितलं, हे नंदुरबारच्या त्याच्या कॉलनीत अजून कुणाला कळलेलं नाही. त्याची बायको शीला मोबाइलवरच्या व्हिडिओंना दोष देते. हेमराज म्हणतो, कला आतून येते. आतून काय आलं असेल ते असो, कॅमेरा मात्र तळोद्याहून आला.

तळोद्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने नवा घेतला म्हणून जुना काढला होता. त्या कॅमेऱ्याने इतकी लग्नं पाहिली होती की बॅग झटकली तेव्हा तिच्यातून अक्षता पडल्या. भिंगाच्या आत एका कोपऱ्यात बुरशी होती. आता आपल्याकडे सल्ल्याला काही तोटा नाही. शेजारच्या रमिलाबाईंनी भिंग मिरचीसारखं उन्हात वाळवायला सांगितलं. समोरच्या निवृत्त हवालदारांनी ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला सांगितलं, तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून. हेमराजने दोन्ही केलं. बुरशी होती तिथेच राहिली, आणि दुसऱ्या दिवशीच्या खिचडीत भिंगाचं झाकण सापडलं. ते हरवलं म्हणून हेमराज हळहळत होता, त्यामुळे त्याला आनंद झाला. शीलाला झाला नाही.

बाकीचा सरंजाम त्याने घरातूनच उभा केला. तीन पायांच्या स्टँडऐवजी माठाखालची तिवई घेतली आणि माठ जमिनीवर आला. गणपतीच्या मखरातला थर्माकोल काढून त्यावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला, तो उजेड परतवायला. थर्मासचं झाकण कापून भिंगावर सावलीसाठी बसवलं, त्यामुळे पाहुण्यांना चहा उघड्या थर्मासमधून मिळू लागला. एवढ्या तयारीनिशी तो पहिल्यांदा गावाबाहेर मिरचीच्या पथारींवर गेला. मैलभर लाल मिरची वाळत पडलेली, वरून उतरतं ऊन. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे तो फोटोसाठी पालथा झोपला आणि नाक मिरचीजवळ नेलं. त्या दिवशीचे सगळे फोटो शिंकेत निघाले. हेमराजने त्यांना ‘लाल वादळ’ असं नाव दिलं आणि ऑफिसातल्या मंडळींना पाठवलं. साहेबांनी उत्तरादाखल विचारलं की तब्येत कशी आहे.

हे सगळं तो हसून सोसत होता, कारण त्याचं खरं दुखणं वेगळंच होतं. ते धानोऱ्याला सासुरवाडीच्या बैठकीतल्या भिंतीवर होतं. त्या भिंतीवर देव होते, सासऱ्यांचे आईवडील होते, मेहुण्याचा, भूपेशचा, नव्या ट्रॅक्टरची किल्ली घेतानाचा फोटो होता, एक खताच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. जावयाचं त्या भिंतीवर काहीही नव्हतं. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याने तापीवरच्या सूर्यास्ताचा फोटो चांगला काचेत घालून भेट दिला. सासूबाईंनी, सुंदरबाईंनी, तो दोन्ही हातांनी घेतला, कौतुक केलं, आणि संध्याकाळी तो धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून दिसला. मापात बरोबर बसला होता. जावयाला खापरावरचे मांडे मिळत होते, मान मिळत होता, भिंत मिळत नव्हती. ही गोष्ट हेमराजला फार लागली. आपला एक तरी फोटो त्या भिंतीवर लागल्याशिवाय राहायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तशात भूपेशचा फोन आला. लाडीला या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत विकायचं ठरलं होतं.

लाडी म्हणजे सासऱ्यांची घोडी. सासरे बन्सीलाल सत्तरी ओलांडलेले, पण गावात पोराटोरांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या तरी हे शेतात जाणार ते घोडीवर. पावसाळ्यात नाल्याच्या उतारावर ते तिच्यावरून घसरून पडले. गुडघा सुजला. ते उठेपर्यंत घोडी जागची हलली नव्हती, हे म्हातारा सगळ्यांना सांगे. भूपेशला त्यातलं फक्त पडल्याचं ऐकू येई. भूपेश वाईट माणूस नव्हता. बाप एक दिवस नाल्यातच राहील, या भीतीने त्याची झोप उडाली होती. घोडी विकायचं त्याने बोलून दाखवलं तेव्हा बन्सीलाल उठून गोठ्यात गेले. पाणी पिऊन बसलेल्या घोडीपुढे पुन्हा पाण्याचं घमेलं ठेवून आले.

आता जत्रेत घोडी विकायची तर हल्ली नुसती घोडी नेऊन चालत नाही. मोठा फ्लेक्स लागतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फोटो लागतो. लग्नसराईत स्टुडिओवाल्याला वेळ नव्हता, आणि असता तरी तो फुकट आला नसता. म्हणून भूपेशने जावयाला सांगितलं. हेमराजने यातला फक्त शेवटचा भाग ऐकला. अखेर सासुरवाडीने आपल्याला ओळखलं, असं त्याने शीलाला दोनदा सांगितलं.

रविवारी ऊन उतरताना लाडीला दारासमोर उभं केलं. हेमराजने तिवई मांडली. तेवढ्यात अर्धी गल्ली जमली, आणि जमलेल्यातल्या प्रत्येकाला घोड्याचा फोटो कसा काढतात ते ठाऊक होतं. शेजारची दगूबाई म्हणाली, शेपटीची वेणी घाला. कुणी म्हणालं घोडी उधळताना घ्या, कुणी म्हणालं बसलेली घ्या. चंदेरी थर्माकोल समोर धरताच लाडीने त्यात दुसरी घोडी पाहिली आणि मागच्या मागे सरून तुळशीवर जाता जाता राहिली. तिने तिवई लाथाडली, थर्मासचं झाकण तुडवलं आणि हेमराजच्या खांद्यावरची शीलाची जुनी ओढणी, जी ऊन गाळायला आणली होती, ती खाऊन पाहिली. शेवटी बन्सीलाल खाटेवरून उठले. हेमराजच्या मागे येऊन उभे राहिले आणि जिभेने टाळूला एकदाच टक् केलं. लाडीने कान टवकारले, मान उचलली, आणि हेमराजचं बोट आपोआप दाबलं गेलं.

फोटो खरंच चांगला आला. उजव्या अंगाने उभी घोडी, मानेवरून सरकलेलं ऊन, आणि मानेच्या उजव्या बाजूला केसांचा भोवरा, एकेक केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट. घोडेवाल्यांच्या जगात या भोवऱ्याला फार किंमत. उजव्या मानेचा भोवरा घरात लक्ष्मी आणतो, आणि तोच डावीकडे असला तर मालकाला घराबाहेर काढतो. हे शास्त्र कुणी वाचलेलं नाही, पण तोंडपाठ सगळ्यांना आहे. भूपेश म्हणाला, या भोवऱ्यावरच घोडी जाईल. बन्सीलालांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो बराच वेळ पाहिला आणि हळूच त्या भोवऱ्याला बोट लावलं.

फ्लेक्स छापायला तळोद्याला धुडकूच्या दुकानात द्यायचा होता, तिथे स्वस्त पडतो म्हणून. हेमराजची रजा साहेबांनी जत्रेच्या दिवसासाठी एकदाच दिलेली, ती आधी खर्च करता येईना. भूपेश केळीच्या तोडणीत अडकला होता. बन्सीलाल म्हणाले, आपल्याला गुडघ्याचं औषध आणायचंच आहे, आपण जाऊ. हेमराजने पेन ड्राइव्ह त्यांच्या हाती दिला आणि सोबत धुडकूसाठी फोनवर सूचनांचा पाऊस पाडला. फ्लेक्सवाल्यांची सवय त्याला माहीत होती. घोडी दिली तर ते मागे हिमालय लावतात, वर गरुड सोडतात, आणि खाली गल्लीतल्या तरुण नेत्यांचे चेहरे ओळीने बसवतात. यातलं काही नको, रंगाला हात लावू नको, आणि खाली कोपऱ्यात ‘छायाचित्र: हेमराज पाटील’ एवढं लिही, असं त्याने बजावलं. थोड्या वेळाने पुन्हा फोन करून अक्षर जरा मोठं घ्यायला सांगितलं. मग ऑफिस सुटल्यावर आणखी एकदा.

धुडकूने सगळं शब्दशः पाळलं. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सारंगखेड्याला बांबूंवर फ्लेक्स चढला तेव्हा हेमराज रजा घेऊन हजर होता. आजूबाजूला घोडेच घोडे, धूळ, चण्याचा आणि लिदीचा वास, आणि मधोमध त्याची घोडी. हिमालय नव्हता, गरुड नव्हता. त्याचं नाव रस्त्यापलीकडून वाचता येत होतं. त्याने ते पलीकडे जाऊन वाचलं, मग जवळून वाचलं, मग फ्लेक्ससमोर उभं राहून एका अनोळखी माणसाकडून आपला फोटो काढून घेतला, नाव येईल असा. घोडीकडे त्याने काही बारकाईने पाहिलं नाही. घोडी त्याला पाठच होती.

सकाळभर एकही गिऱ्हाईक जवळ आलं नाही. लोक थांबत, मान वर करून फ्लेक्स बघत, तोंडाने चुकचुकत आणि पुढच्या तंबूकडे जात. हेमराजला वाटलं, फोटोने भारावले असतील. भूपेशला तसं वाटेना. अखेर पांढऱ्या मिशांचा एक जुना व्यापारी लांबूनच अहिराणीत म्हणाला, “मालक इमानदार शे. डावा भोवरा झाकी नही ठेवा, उघडा टांगा. पन लेई कोन?”

भूपेशने वर पाहिलं. हेमराजने वर पाहिलं. फ्लेक्सवरची लाडी डाव्या अंगाने उभी होती आणि तिच्या मानेच्या डाव्या बाजूला, एकेक केस मोजून घ्यावा इतका स्पष्ट, भोवरा होता.

भूपेशने त्या व्यापाऱ्याला हाताला धरून आत आणलं, खरी घोडी दाखवली, उजवा भोवरा दाखवला. याने प्रकरण मिटायचं तर ते पेटलं. फोटोत डावीकडे आणि अंगावर उजवीकडे, म्हणजे एक तर फोटोतली घोडी दुसरी, नाही तर अंगावरचा भोवरा बनावट. जत्रेत घोड्यांना रंग लावणारे काही कमी नसतात. व्यापाऱ्याने बोट थुंकीने ओलं केलं आणि लाडीच्या मानेवर घासून पाहिलं. त्याचं पाहून आणखी चौघांनी घासलं. दुपारपर्यंत लाडीची मान ओली झाली, आणि डाव्या भोवऱ्याची रंगवलेली घोडी बघायला लोक आपल्या पाहुण्यांना घेऊन येऊ लागले. येणारा प्रत्येकजण खालचं नाव मोठ्याने वाचत होता. अक्षर मोठं घेतल्याचा हेमराजला आता पश्चात्ताप झाला.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. विक्रीसाठी जनावराची नोंद लागते, आणि नोंदीच्या कागदावर भूपेशने धुडकूकडूनच काढलेला तोच फोटो चिकटवला होता. नोंदणीच्या तंबूतल्या कारकुनाने तो पाहिला, बाहेर येऊन घोडी पाहिली, परत जाऊन फोटो पाहिला. मग शांतपणे म्हणाला, “फोटोतल्या घोडीला भोवरा डावीकडे आहे. समोरच्या घोडीला उजवीकडे. म्हणजे ही घोडी ती घोडी नव्हे.”

हेमराजने सांगितलं की ती तीच आहे. कारकुनाने विचारलं, कशावरून. यावर हेमराजने नकळत मान डोलावली, कारण तो स्वतः वरिष्ठ लिपिक होता आणि त्या खुर्चीवर असता तर त्याने हेच विचारलं असतं. नवा फोटो लावतो म्हटलं तर कारकून म्हणाला की शेरा आता पडला आहे. शेरा पडला की फोटोने जात नाही, दाखल्याने जातो, हे हेमराजला कुणी सांगायला नको होतं. घोडी ही स्वतः तीच घोडी असल्याबद्दल गावच्या पोलीस पाटलांचा दाखला हवा होता. पोलीस पाटील जत्रेतच होते. ते आकाशपाळण्यातून खाली उतरेपर्यंत भूपेश आणि हेमराज खाली उभे राहिले. उतरल्यावर त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की माणसांपुरतं आपण सही करतो, जनावराच्या मानेची जोखीम घेणार नाही. शिवाय त्यांना गरगरत होतं.

दोघे तंबूत परतले तेव्हा सुंदरबाई आणि शीला भाकरी घेऊन आल्या होत्या. शीलाने नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही विचारलं नाही, यावरून तिला येताना वाटेतच सगळं कळलं होतं हे उघड झालं. सुंदरबाई मात्र डोक्यावर हात धरून फ्लेक्सकडे पाहत होत्या.

“आपली तुळस दारना उजवा अंगले शे ना?” त्या म्हणाल्या. “आठे ती डावाले कशी गयी?”

मग सगळ्यांनी पाहिलं. तुळस डावीकडे होती. खाट डावीकडची उजवीकडे होती. आख्खं घरच उलटं झालं होतं, आणि त्यासोबत घोडी. म्हणजे घोडी बदलली नव्हती आणि रंगवलीही नव्हती, फोटोच आरशातल्यासारखा उलटा पडला होता. भूपेश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जावयाचा मान ठेवून, खालच्या आवाजात म्हणाला, “पाव्हणा, एकच तं फोटो काढाना व्हता.”

आजवर हेमराजने खिचडीतलं झाकण सोसलं होतं, कोठीचं झाकण सोसलं होतं, पण या वेळी तर त्याने चूक केलेलीच नव्हती. त्याने कॅमेरा काढला. पडद्यावर लाडी उजव्या अंगाने उभी होती, तुळस उजवीकडे होती, सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे घोळ दुकानात झाला होता. आता धुडकूला सगळ्यांसमोर बोलतं करायचं, असं ठरवून त्याने फोन लावला. जत्रेच्या कलकलाटात ऐकू येईना म्हणून फोन कानाला गच्च लावून तो जरा बाजूला गेला.

धुडकू मुळीच वरमला नाही. “तुम्हना बाबानीच सांगं ना भाऊ,” तो म्हणाला. “घोडीनं तोंड घरकडे फिरावी दे, म्हने. मी फिरायी दिन्हं. बाबा दखीसन खूश व्हयी गयात.”

हेमराज फोन कानाला तसाच धरून उभा राहिला. समोर बन्सीलाल लाडीची मान पुसत होते. दिवसभर लोकांनी घासून घासून भिजवलेली ती जागा ते उपरण्याच्या कोरड्या टोकाने पुसत होते, आणि पुसून झाल्यावर त्यांनी त्या भोवऱ्यावर हात तसाच ठेवून दिला होता. सगळा जन्म घोड्यांत काढलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही, हे हेमराजला पटण्यासारखं नव्हतं. म्हाताऱ्याने मान वर केली. जावयाच्या कानाला लागलेला फोन पाहिला आणि नजर खाली नेली.

भूपेशने विचारलं, काय म्हणतो तो.

आता खरं सांगणं अगदी सोपं होतं. एका वाक्यात हेमराजचं नाव धुऊन निघालं असतं. भूपेशने माफी मागितली असती, शीलाने जत्राभर नवऱ्याकडे मानाने पाहिलं असतं, आणि भिंतीचंही पुढे मागे जमलं असतं. पण मग त्या म्हाताऱ्याला आपल्या मुलासमोर, आख्ख्या घोडेबाजारात, मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं. हेमराजला अतिशय वाईट वाटलं. म्हाताऱ्यासाठी थोडं आणि स्वतःसाठी बरंच.

“धुडकूची चूक नाही,” तो म्हणाला. “कॅमेऱ्यात एक बटण असतं. ते माझ्याकडून राहून गेलं.”

पडद्यावर सरळ फोटो सगळ्यांनी आत्ताच पाहिला होता, पण असं बटण असतं की नाही हे त्या तंबूत कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते मान्य झालं. भूपेशने फ्लेक्स उतरवला. फ्लेक्स उतरवल्यावर, काहीतरी झाकायचं होतं म्हणूनच उतरवला, असं बाजारात पसरलं. व्हॉट्सॲपवर लोकांनी फिरवलेला त्याचा फोटो तर उतरवता येतच नव्हता. केळीची तोडणी खोळंबली होती, दाखला मिळायचं चिन्ह नव्हतं. संध्याकाळी भूपेशने लाडी परत टेम्पोत चढवली आणि पुढच्या वर्षी स्टुडिओवाला आणू असं जाहीर केलं. सुंदरबाईंनी शीलाची समजूत घातली की चांगल्या घरातल्या माणसालाही एखादा नाद असतो. पोत्यावर बसून भाकरी खाताना बन्सीलाल फक्त जरासे सरकले आणि जावयाला आपल्या शेजारी जागा केली.

परतीच्या वाटेवर शीलाने विचारलं की ते बटण कुठे असतं, दाखवा बरं. हेमराज म्हणाला, काळोखात दिसत नाही.

त्यानंतर हेमराजने कॅमेरा कपाटात ठेवला. माठ पुन्हा तिवईवर चढला. कॉलनीत रमिलाबाईंनी विचारपूस केली, आणि ऑफिसात साहेबांनी भोवरा नेमका कुठल्या बाजूला असावा याची माहिती मागवली. सासुरवाडीला जायचं तो टाळत होता, पण आखाजी आली आणि आखाजीला जावयाला टाळता येत नाही. शीलाला घेऊन तो धानोऱ्याला गेला, बैठकीत शिरला आणि दारातच थांबला.

देव होते तिथे होते. सासऱ्यांचे आईवडील होते. खताचं कॅलेंडर नव्हतं. त्याच्या जागी फ्लेक्समधून कापलेली लाडी होती, चांगल्या लाकडी चौकटीत ठोकलेली, तशीच उलटी, डाव्या भोवऱ्याची, आणि चौकट करताना खालचं नाव कापलं जाऊ नये म्हणून ती एका कोपऱ्यात जरा जास्त खाली उतरवलेली. ट्रॅक्टरवाला भूपेश तिच्यापुढे किरकोळ दिसत होता. हेमराजने नाव वाचलं. मग आत जाऊन पाणी प्यायला आणि बाहेर येऊन पुन्हा वाचलं.

अंगणात खऱ्या लाडीला पाणी पाजून बन्सीलाल आत आले आणि जावयाशेजारी खाटेवर टेकले. दोघांनी भिंतीकडे पाहिलं. फोटोतल्या घोडीचं तोंड बरोबर आतल्या दाराकडे होतं. स्वयंपाकघरातून खापराचा खरपूस वास येत होता, आणि भूपेश तिकडेच कुठेतरी होता. म्हाताऱ्याने त्याचा अंदाज घेतला, मग आवाज उतरवला.

“पुढला सालले बी फोटो तुम्हीच काढज्यात, पाव्हणा,” ते म्हणाले. “छापाले मी जासू.”